टूलमार्क नसलेला दगड

टेमगिरेमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका लाकडी खोक्यावर बसून भाकरी खात होते. खोकं कंपनीच्या डिस्पॅचच्या दारात होतं. बाहेर ट्रक उभा होता, ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत होता, आणि आमचे प्लांट मॅनेजर मामांपुढे उभे राहून त्यांना समजावत होते. खोक्यात गाडीच्या स्टिअरिंगमध्ये बसणाऱ्या पिना होत्या. त्यांचा व्यास मापापेक्षा किंचित जास्त भरला होता. मामांनी खोक्याला रिजेक्टची लाल चिठ्ठी लावली होती आणि ती काढून कुणी माल चढवू नये म्हणून स्वतःच वर बसले होते.

मॅनेजर म्हणाले, "मामा, केसाच्या दहाव्या भागाइतका फरक आहे. काय होतंय त्यानं?"

मामांनी घास गिळला. "मग ह्यातली एक पिन तुमच्या गाडीत बसवा आन लोणावळ्याचा घाट उतरून या. उद्या सकाळी मी सही करतो."

ट्रक रिकामा गेला. माझा नोकरीतला तो पहिलाच दिवस. संत तुकाराम नगरहून कंपनीच्या बसनं चाकणला आले होते, डिप्लोमाचा कागद अजून बॅगेत होता, आणि मला ज्यांच्या हाताखाली शिकायचं होतं ते हेच गृहस्थ आहेत असं कळल्यावर वाटलं, हे महिनाभर टिकले तरी खूप. ते पुढं सोळा वर्षं टिकले. निवृत्तीच्या दिवशी त्याच मॅनेजरनी त्यांना गेटपर्यंत सोडलं.

मामा इन्स्पेक्टर होते, म्हणजे तयार झालेला माल मोजून पास किंवा रिजेक्ट करणारे. शिक्षण आयटीआयचं. अंगानं किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी, आणि इतरांच्या खिशात पेन असतं तसा यांच्या खिशात व्हर्नियर, म्हणजे केसाएवढा फरकही दाखवणारी ती सरकत्या जबड्याची पट्टी. मला त्यांनी पहिल्या आठवड्यात एकच पिन वीस वेळा मोजायला लावली होती. वीसही आकडे वेगवेगळे आले. मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणाले, "तुला जो आकडा यायला पायजे वाटतो, तिकडं तुझा हात दाबतोय. आधी ते वाटनं काढून टाक, मग मोज." कुणी त्यांना "मामा, साधारण बरोबर आहे ना?" असं विचारलं, तर ते "साधारण म्हंजी किती?" एवढंच विचारत. लग्नाच्या जेवणावळीत, दवाखान्यात, एसटीत, सगळीकडं त्यांचा हाच प्रश्न असे. त्यांच्या बायकोला, काशीमामींना, याचा फार राग यायचा. भाजी साधारण तिखट झाली असं म्हणायची सोय त्या घरात नव्हती.

मामांचं गाव चाकणच्या वरच्या अंगाला. नाव लिहीत नाही, कारण तिथली बोलणी अजून पुरती मिटलेली नाहीत. गावाची निम्मी शेती कंपन्यांत गेली होती. उरली होती भैरोबाची टेकडी. वर लहानसं देऊळ, उतारावर गुरांचं गायरान आणि उगवतीच्या पायथ्याला एक झरा. उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला की दोन वाड्या त्या झऱ्यावर निघत. मामा निवृत्त होऊन घरी असताना एके दिवशी टेकडीवर चुन्याच्या खुणा पडल्या. चौकशी केल्यावर कळलं, टेकडी कापून सपाट करणार आणि तिथं गोदामं उभी राहणार. गावातून पहिला हरकतीचा अर्ज गेला तो मामांचा. त्याच आठवड्यापासून ते दर रविवारी सकाळी वीस लिटरचा कॅन घेऊन झऱ्यावर जाऊ लागले. कॅन भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघायचं आणि वहीत लिहायचं. लोक हसले. मामांनी सांगितलं, झरा आहे असं आपण म्हणून भागणार नाही, किती आहे ते विचारतील.

पुढच्या वर्षी देवळापुढचं अंगण नव्यानं करायला काढलं. जुन्या फरश्या उपसताना एक मोठी तांबूस फरशी उलटी झाली आणि बघणारे थबकले. तिच्या खालच्या अंगावर उठावाची नक्षी होती. अंगठ्याएवढ्या जाडीच्या रेघा वळसे घेत, फाटे फोडत, एकमेकींना ओलांडत सगळ्या दगडभर गेल्या होत्या. मामांचा पुतण्या संतोष तिथं होता. तो एका कंपनीत कंत्राटावर होता आणि टेकडी बचाव समितीचं सगळं धावपळीचं काम तोच बघायचा. त्यानं व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरला. कुणाला त्यात त्रिशूळ दिसला, कुणाला जहाज, कुणाला अक्षरं. कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वीची लिपी म्हणालं आणि तेच कायम झालं. दगडाला हळदकुंकू लागलं. समितीच्या वकिलानं सांगितलं की प्राचीन कोरीव काम असेल तर पुरातत्त्ववाले येतील आणि काम थांबेल. गावात पेढे वाटले.

मामाही खूश होते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. नंतर लोक म्हणाले की त्यांच्या मनात पहिल्यापासून खोट होती. तसं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला होता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "पोरी, टेकडी वाचली बघ," म्हणाले.

रविवारी झऱ्याचं माप घेऊन झाल्यावर ते वर गेले आणि दगडापाशी बसले. सोमवारी मला परत फोन आला. या वेळी आवाज अगदी खाली होता. म्हणाले, त्या दगडाला टूलमार्क नाही.

आमच्या धंद्यातली ही साधी गोष्ट आहे. कुठलंही हत्यार धातूवर किंवा दगडावर चाललं की आपली खूण ठेवून जातं. छिन्नीची असो, लेथच्या टूलची असो, भिंगातून ती दिसतेच. मामांनी भिंग घेऊन दोन तास शोधलं होतं, एकही खूण नव्हती. शिवाय एक रेघ इकडून तिकडपर्यंत मोजली तर जाडी सगळीकडं जवळपास सारखी. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे दोन ठिकाणी एक रेघ दुसरीच्या पोटाखालून गेलेली. वरची न तोडता खालची कोरणार कशी? "मानसाच्या हातचं काम न्हाई हे," ते म्हणाले. "पन मग कुनाचं, ते मला म्हाईत न्हाई. तुझ्या वळखीत दगडातलं कळनारं कुनी हाय का?"

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बर्वेबाई राहतात. कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गुडघे दुखत असूनही त्या माझ्याबरोबर टेकडी चढल्या. दगडापाशी पोचल्यावर त्यांनी त्यावर पाणी ओतलं, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, लिपी खरीच निघाली.

बाईंनी सांगितलं ते असं. आपल्याकडचा दगड काळा, लाव्हारसाचा. हा तांबूस दगड वाळूचा, म्हणजे तो इथला नाहीच. असा दगड राजस्थानकडं, कच्छकडं निघतो, पण हा नेमका कुठला ते त्या सांगू शकणार नाहीत. फार फार पूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी, चिखलात, अळीसारखे किंवा कोळंबीसारखे जीव बिळं करून राहत होते. वरून वाळू आली, ती बिळांत भरली, तिचा दगड झाला. खालचा मऊ चिखल झिजून गेला आणि बिळांच्या आकाराची वाळू तेवढी उठून राहिली. असल्या खुणांनाही जीवाश्म म्हणतात. जीव स्वतः उरत नाही, तो जिथून हिंडला ती वाट उरते.

मामा ऐकता ऐकता उकिडवे बसले. "म्हंजी हे कास्टिंग हाय," ते म्हणाले. "बीळ म्हंजी साचा, आन वाळू त्यात वतलीया. मशीनिंग न्हाईच हे. टूलमार्क यील कुठनं?"

बाई म्हणाल्या, चाळीस वर्षं शिकवलं, पण इतकं नीट मला सांगता आलं नव्हतं.

किती जुनं, असं मामांनी विचारलं. नक्की सांगता येणार नाही, पण कोट्यवधी वर्षं, असं बाई म्हणाल्या. मामा मोठ्यानं हसले. गाव दोन हजार वर्षं सांगून फुशारकी मारतंय, म्हणाले, आणि तो आकडा तर कितीतरी कमी निघाला. मग हसणं थांबलं. खाली गावात समितीच्या बैठकीसाठी सतरंज्या अंथरलेल्या दिसत होत्या.

दगड तिथं आला कसा, ते मामांच्या म्हाताऱ्या चुलतीनं सांगितलं. साळूकाकूंना सगळं लख्ख आठवत होतं. पहिलं अंगण केलं तेव्हा एका कंपनीच्या ऑफिसचं काम चालू होतं. तिथल्या उरलेल्या फरश्या कुणीतरी देवळाला दिल्या. रस्ता नव्हता, म्हणून बायकांनीच त्या काठीला बांधून वर नेल्या. साळूकाकू त्यांत होत्या. खांद्यावर वळ उठला होता, तेही त्यांनी सांगितलं.

मामा आधी संतोषशी बोलले. मी त्या वेळी त्यांच्या ओट्यावर होते, म्हणून ते बोलणं मला आठवतं. मामांना तो नाना म्हणायचा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याचे डोळे जागरणानं तांबारले होते. दोन महिने तो शिफ्ट करून उरलेला सगळा वेळ या टेकडीसाठी पळत होता.

"नाना, खरं-खोटं मागनं बघू," तो म्हणाला. "टेकडी वाचली पायजे का न्हाई, तेवढं सांगा."

"वाचली पायजे. पन ह्या दगडावर न्हाई."

"दुसरं काय हाय आपल्याकडं? तुमची ती वही? कोन इचारतंय झऱ्याला?"

मामा म्हणाले, "उद्या त्यांनी तुझा दगड खोटा ठरवला, की तुझा झराबी खोटा ठरंल. मग काय करशील?"

संतोष उठून गेला. जाताना पाया पडला नाही.

ग्रामसभेत ठराव होता की टेकडीवर प्राचीन लिपी सापडली असून ग्रामस्थ ती पिढ्यान्‌पिढ्या पूजत आले आहेत. मामांना आधीच तीन-चार जणांनी गप्प बसायला सांगितलं होतं. हात वर झाले, मामांचा खालीच राहिला. सरपंचांनी कारण विचारलं. ते उभे राहिले आणि मापं सांगितली, बाईंचं म्हणणं सांगितलं, शेवटी म्हणाले की टेकडीसाठी जेसीबीपुढं आडवं पडायचं असेल तर पहिला मी पडतो, पण या कागदावर माझी सही मिळणार नाही. गलका झाला. कुणी म्हणालं, कंपनीनं विकत घेतला याला. मामा बसले नाहीत. आपलं म्हणणं त्यांनी घरून लिहून आणलं होतं, तो कागद ग्रामसेवकापुढं ठेवला आणि पोच मागितली. शिक्का मिळेपर्यंत ते तसेच उभे राहिले, सगळी सभा त्यांच्या अंगावर ओरडत असताना. मागून साळूकाकूही उठल्या. "आरं, त्यो दगड म्या वर न्हेलाय," एवढंच त्या म्हणाल्या. लोक हसले आणि त्यांना खाली बसवलं.

चार दिवसांनी मामांच्या दारावर काळ्या ऑइलपेंटनं 'दलाल' असं लिहिलेलं होतं. मी पुसायला रॉकेलचा बोळा घेतला तर त्यांनी हात धरला. ज्यानं लिहिलं त्यानं पुसावं, म्हणाले. मग रोज सकाळी ते त्याच दारातून टोपी घालून बाहेर पडत, चावडीवरून जात, कुणी बोलो न बोलो सगळ्यांना राम राम घालत, आणि रविवारी कॅन घेऊन झऱ्यावर जात.

याची खरी झळ काशीमामींना लागली. बचत गटातल्या बायका त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या, भैरोबाच्या भंडाऱ्याला त्यांना पोळ्या लाटायला बोलावणं आलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. एकदा माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "खरं बोलला ते ठीक केलं. पन मला आधी इचारायचं हुतं. दार माझंबी हाय." मामा एरवी कुणाला उत्तर द्यायला चुकत नसत. त्या दिवशी त्यांनी उठून स्वतः चहा ठेवला. साखर किती, हे विचारून.

हरकतींची सुनावणी प्रांतसाहेबांपुढं झाली. मी रजा टाकून गेले होते. गावाचे पन्नासेक लोक होते. मामा त्यांच्यापासून दूर, खिडकीपाशी. गोदामवाल्यांच्या वकिलानं सुरुवातीलाच एका तज्ज्ञाचा अहवाल काढला. दगड बाहेरून आणलेला आहे, त्यावर कोरीव काम नाही, नैसर्गिक जीवाश्म आहेत. बर्वेबाईंनी सांगितलं तेच, फक्त कोरड्या शब्दांत. वकील म्हणाला, या गावानं शासनाची दिशाभूल केली आहे, तेव्हा यांच्या बाकीच्या हरकतीही त्याच लायकीच्या समजाव्यात. संतोषचा चेहरा पांढरा पडला. गावाकडून कुणीच उठेना.

मामा उठले. पुढं जाऊन त्यांनी ग्रामसेवकाच्या शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, दगडाचं ह्यांचं म्हननं बरोबर हाय. मी तेच ह्यांच्या आधी सभेत लिहून दिलंय. त्यामुळं गाव लबाड हाय असं मानू नका. गावातल्या एकानं तरी सांगितलं हुतं. आता हे बघा."

आणि त्यांनी वही ठेवली. दर रविवारचा झरा, कॅन भरायला लागलेले सेकंद, वर्षभराच्या वर. प्रांतसाहेब पानं उलटत राहिले. एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, "या रविवारी काही लिहिलं नाही?"

"त्या रविवारी मला ताप हुता. मोजलं न्हाई, म्हनून लिवलं न्हाई."

साहेबांनी वर पाहिलं. अंदाजानं भरायचं ना, कोण बघतं, असं ते हसून म्हणाले. मामा हसले नाहीत. मी तिथं उभी होते, म्हणून खात्रीनं सांगते. वहीतल्या सगळ्या आकड्यांनी जे झालं नव्हतं ते त्या एका रिकाम्या ओळीनं झालं. साहेबांनी वही बंद करून स्वतःजवळ ठेवून घेतली आणि झऱ्याची जागा बघायला येतो म्हणाले.

ते आले. पुढं भूजलवाले आले. महिने गेले. शेवटी टेकडीची उगवतीची बाजू, झरा आणि देऊळ गोदामांच्या जागेतून वगळलं गेलं. मावळतीची बाजू गेली. गावानं गुलाल उधळला. मामा त्या मिरवणुकीत गेले नाहीत. अर्धी टेकडी गेली आणि गुलाल कसला, असं ते मला फोनवर म्हणाले, आणि लगेच पुढच्या अपिलाबद्दल बोलू लागले.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी संतोष थिनरचा डबा आणि फडकं घेऊन दारात आला. त्यानंच लिहिलं होतं की आणखी कुणी, हे मामांनी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. तो अर्धा तास दार घासत होता. मामा ओट्यावर पेपर वाचत होते. मध्येच एकदा म्हणाले, "कोपऱ्यातला ल ऱ्हायलाय." काशीमामी आतून बाहेर आल्या आणि संतोषला जेवायला थांब म्हणाल्या.

दगड शाळेत नेला. त्याच्यापुढचा फलक बर्वेबाईंनी लिहिला आणि मामांनी दुरुस्त केला. बाईंनी 'प्राचीन' असं लिहिलं होतं, त्यावर मामांचा प्रश्न, किती ते लिहा, आणि कळत नसेल तर कळत नाही असं लिहा. तसंच लिहिलं आहे. गावातल्या काही बायका अजून त्याला हळद वाहतात. शिक्षकांनी तक्रार केली तेव्हा मामा म्हणाले, वाहू दे, फक्त फलक पुसला जाऊ देऊ नका.

मामा गेल्या थंडीत गेले. फुप्फुसाचं दुखणं होतं, पण ते त्यांनी शेवटपर्यंत कुणाला मोजू दिलं नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीनंतर. घरी गेले तर मामी म्हणाल्या, मावळतीकडं गेलेत, आता तूच बोलव.

टेकडीची ती बाजू उभी कापलेली होती. चार मजले उंच कातळ, खाली मशिनं, कडेला तारेचं कुंपण आणि प्रवेश बंदची पाटी. मामा कुंपणाच्या आत होते. कातळाच्या पायथ्याशी, टोपी काढून खिशात कोंबलेली, धाप लागलेली. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक तांबडा पट्टा उघडा पडला होता, विटेच्या रंगाचा, हातभर जाडीचा. त्यावर त्यांनी तळवा टेकवला होता. पलीकडून सिक्युरिटी गार्ड शिट्टी वाजवत धावत येत होता.

मी कुंपणाबाहेरून हाक मारली, आणि बाहेर या, तो पोलिसांना बोलावेल, असं म्हटलं.

"बोलव म्हनावं," मामा वळून म्हणाले. "माझ्या टेकडीचं पोट फाडलंय त्यांनी. आत काय हाय ते बघायला मला कुनाची परवानगी?" मग आवाज खाली आणून, "बाईंना इचार, ह्यो तांबडा थर कशाचा. दोन्हीकडं काळा आन मधीच तांबडा, काय झालं आसंल तवा?"

गार्ड त्यांच्यापाशी पोचला. विशीतला, परप्रांतातला मुलगा होता. त्यानं दंड धरला. मामांनी तो सोडवून घेतला नाही, उलट त्याचाच हात धरून त्या थरावर ठेवला आणि दोन बोटांत माती चुरडून त्याला दाखवायला लागले. शिट्टी त्या मुलाच्या तोंडात तशीच होती. तो वाकून बघत होता.